मीराकाकूंनी माझ्यासाठी हात जोरात चालवला

मित्रांनो, मागच्या आठवड्यात मी इथे सर्टिफिकेटचा फोटो टाकला होता. कामाच्या पद्धतीत सुधारणा कशी करायची, याचा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स. तुम्ही भरभरून अभिनंदन केलं. आज ती पोस्ट मी काढून टाकली.

मी लोहाऱ्याच्या एका दाल मिलमध्ये सुपरवायझर आहे. कोर्सच्या प्रोजेक्टसाठी मी तूरडाळ निवडणाऱ्या तीन बायांजवळ एक दिवस मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. तिघींचं काम दोघींत होतं, असं निघालं. तसा रिपोर्ट लिहिला आणि शाबासकीच्या आशेनं साहेबांनाही दाखवला.

आज सुट्टी होताना साहेबांनी त्या तिघींतल्या मीराकाकूंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी नवीन होतो तेव्हा डाळीतला खडा बोटांनी कसा ओळखायचा, हे मला काकूंनीच शिकवलं होतं.

गेटवर त्या डबा घेऊन थांबल्या होत्या. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "पास झाला नं रे तू?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं. तू घड्याळ लावून बसला होता, म्हून मी त्या दिवशी लय जोरात हात चालवला. म्हटलं, पोराचे मार्क नाही गेले पाहिजे. रोज इतकं कोनाच्यानं होते?"

माझा रिपोर्ट चुकला, हे उद्या साहेबांना सांगायला हवं. माझी बढती त्याच रिपोर्टावर ठरली आहे.

तुम्ही सांगितलं असतं का? अभिनंदन केलं तितक्याच मोकळेपणानं लिहा.