हिरव्या पट्टीची पुस्तकं घेऊन बंगळूरला

फेब्रुवारीत एका दुपारी सुनंदावहिनींचा बंगळूरहून फोन आला आणि त्यांनी मेधाला फोन द्यायला सांगितलं. मेधा माझी बायको, इथे कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. वहिनींना लहान मुलांची पुस्तकं हवी होती, नुकतं वाचायला लागलेल्या मुलांची, मराठीतली. मेधाला वाटलं, नातीसाठी असतील. वहिनी म्हणाल्या, "यांच्यासाठी हवीत."

म्हणजे माझ्या दादासाठी. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आयुष्यभर बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, निवृत्तीनंतर मल्लेश्वरममध्येच राहिला. डिसेंबरात त्याला मेंदूचा लहानसा झटका येऊन गेला. हातपाय, बोलणं सगळं शाबूत राहिलं, म्हणून आम्ही थोडक्यात निभावलं असं समजून बसलो होतो. वाचता येत नाही हे त्याने कोणाला कळूच दिलं नव्हतं. वहिनींना कळलं तेही महिन्याभराने, औषधाच्या दोन बाटल्यांत त्याची गफलत झाली तेव्हा. आता स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं की मातृभाषेतल्या सोप्या, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. तशी कन्नड आणि इंग्रजी पुस्तकं तिथे हवी तेवढी मिळतात, मराठी मिळेनात.

कुरियरने पाठवता आली असती. पण वहिनी फोन ठेवताना आणखी एक गोष्ट बोलल्या होत्या. दर रविवारी येणाऱ्या रेवाला, म्हणजे सात वर्षांच्या नातीला, आता आणू नकोस असं दादाने मुलाला सांगितलं होतं. कारण विचारलं तर म्हणे थकवा येतो. ते ऐकल्यावर मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली.

मेधाला शाळेतून सुट्टी नव्हती. तिने तीन गठ्ठे बांधून दिले. पिवळ्या पट्टीची पहिली पातळी: पानावर एक ओळ, चित्रात दिसतं तेच खाली लिहिलेलं. हिरवी दुसरी: तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, जोडाक्षरं टाळलेली. निळी तिसरी: तिथून जोडाक्षरं सुरू. तिने मला बजावलं, एका पानावर चार-पाच शब्द अडले तर मुकाट्याने खालच्या पातळीवर यायचं, आणि कितीही वाटलं तरी शब्द आपण सांगायचा नाही.

कोल्हापूर ते बंगळूर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे पाचला निघालात तर जेवणखाण धरून संध्याकाळी पाचपर्यंत पोचता. कागल-निपाणीपर्यंत रस्ता ओळखीचाच. मी बेळगावला नाश्ता केला. पुढे हुबळी-धारवाड बायपासला रुंदीकरण चालू होतं, तिथे अर्धा तास जास्तीचा धरा. दावणगेरेला जेवणाऐवजी लोणी डोसा खा; गावात शिरावं लागतं, पण वाकडी वाट सार्थकी लागते. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागल्या की निम्म्याहून जास्त अंतर मागे पडलेलं असतं.

या रस्त्याने मी पाच-सहा वेळा तरी गेलो असेन. निपाणीनंतर पाट्या कन्नड होत जातात आणि मला त्यातलं एक अक्षर येत नाही. एरवी मी खालचं इंग्रजी वाचून पुढे जातो. या वेळी हिरियूरच्या अलीकडे चहाला थांबलो होतो, तर समोरच्या दुकानाच्या पाटीवर फक्त कन्नड होतं. मी बराच वेळ त्या गोल अक्षरांकडे बघत राहिलो. मला ती कधी येतच नव्हती. दादाला सगळं येत होतं आणि एका सकाळी ते गेलं. त्यातला फरक माझ्या डोक्यात नीट बसेना. चहा गार झाला.

दादा फाटकातच उभा होता. तब्येत चांगली, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. रस्त्याची चौकशी केली, गाडीभोवती एक चक्कर मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आलो तर तो व्हरांड्यात वर्तमानपत्र उघडून बसला होता. पान उलटायचा, पुढचं उघडायचा. वहिनींनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "भावजी, काही बोलू नका. रोज अर्धा तास बसतात तसेच."

पुस्तकं मी न्याहारीनंतर काढली. काय बोलायचं ते प्रवासभर ठरवत आलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही. पिवळ्या पट्टीचं एक पुस्तक टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठावर बदक होतं. दादाने ते उचललं, पानं चाळली, बंद केलं आणि माझ्या बाजूला सरकवलं.

"हे रेवाला दे," तो म्हणाला आणि उठून गेला.

संध्याकाळी आम्ही पायी बाजारात गेलो. आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीत, फुलं, भाज्या आणि केळीची पानं फुटपाथभर मांडलेली असतात. मल्लेश्वरमला गेलात तर तिथे चालतच फिरा, गाडी लावायला जागा मिळत नाही. एका उभ्या उभ्या खायच्या हॉटेलात शिरलो. गल्ल्यामागच्या पाटीकडे न बघताच दादाने दोन कॉफ्या सांगितल्या. गल्ल्यावरच्या माणसाने कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, दादा हसून "स्वल्प कमी" म्हणाला. साखरेबद्दल असावं. इथल्या जुन्या मराठी लोकांसारखं त्याचंही बोलणं आता मिसळलेलं आहे.

कॉफी घेऊन आम्ही कोपऱ्यातल्या उंच टेबलाशी उभे राहिलो आणि मी रेवाचं विचारलं. मग त्याने सांगितलं. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच रविवारी रेवा गोष्टीचं पुस्तक घेऊन त्याच्या मांडीवर येऊन बसली, नेहमीसारखी. अक्षरं समोर होती, पण त्यांचे शब्द होईनात. मग त्याने चित्रं बघून गोष्ट रचली. पोरीला कळलं नाही. पुढच्या रविवारीही निभावलं. पण या वर्षी रेवा स्वतःच वाचायला शिकत होती. तिसऱ्या रविवारी त्याची गोष्ट चालू असताना तिने एका शब्दाखाली बोट ठेवलं.

"ती काही बोलली नाही रे," दादा म्हणाला. "बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी पान उलटलं."

त्यानंतर त्याने मुलाला, निखिलला, फोन करून सांगितलं की काही दिवस रेवाला आणू नकोस.

मला वाचायला दादानेच शिकवलं होतं, आमच्या आईला वेळ नसायचा म्हणून. ते त्यालाही आठवत असणार. आम्ही कॉफी संपवली आणि घरी आलो.

तिसऱ्या दिवशी थेरपिस्टकडे जायचं होतं. वहिनींऐवजी मी बरोबर गेलो. थेरपिस्ट तिशीतली कन्नड मुलगी, आमच्याशी हिंदीत बोलली. तिने दादाला कागद दिला आणि मनात येईल ते एक वाक्य लिहायला सांगितलं. दादाने झरझर लिहिलं, अक्षर पहिल्यासारखंच रेखीव. 'माझा भाऊ कोल्हापूरहून आला आहे.' तिने कागद उलटा करून दोन मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि पुन्हा सुलटा करून त्याच्यासमोर ठेवला. दादा त्या कागदाकडे बघत राहिला. स्वतः लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं.

मला उठून बाहेर जावंसं वाटलं. ती मात्र शांत होती. ती म्हणाली, डोळ्यांची वाट अडली आहे, हाताची चालू आहे. हाताला अक्षरं आठवतात. तिने दादाची तर्जनी धरून 'म'वर ठेवली आणि गिरवायला सांगितलं. दादाने गिरवलं.

"म," तो म्हणाला. पुढचा काना गिरवून, "मा."

परतीच्या रिक्षात तो आपल्या गुडघ्यावर बोटाने काहीतरी काढत बसला होता. घरी आल्यावर त्याने स्वतःच विचारलं, ते बदकाचं पुस्तक कुठे आहे.

पुढचे चार दिवस मी बंगळूरात काही पाहिलं नाही, त्यामुळे बागा आणि राजवाड्यांची माहिती इथे शोधू नका. सकाळ-संध्याकाळ आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसत होतो. दादा एकेक अक्षर गिरवायचा. तीन अक्षरांच्या शब्दात तिसरं सापडेपर्यंत पहिलं निसटायचं, की पुन्हा मुळापासून. पिवळी पातळी शुक्रवारी संपली. हिरव्या गठ्ठ्यातलं त्याने शेळीचं पुस्तक निवडलं. एक शेळी गाडीत जाऊन बसते आणि कोणी काही केलं तरी उतरत नाही. 'मामा आला. उतर गं शेळी. शेळी उतरेना.' मग काका येतो, मग आजी येते. आठ पानांना पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. 'उतरेना' दर पानावर नव्याने अडायचं. शब्द माझ्या अगदी ओठांवर यायचा, मेधाचं बजावणं आठवून मी खिडकीबाहेर बघायचो. वहिनी कोथिंबीर निवडत समोर बसायच्या आणि मान वर करायच्या नाहीत.

शनिवारी संध्याकाळी दादाने निखिलला फोन केला. उद्या आम्ही येतो, म्हणाला.

रविवारी सकाळी वहिनींना घेऊन आम्ही मल्लेश्वरमहून मारतहळ्ळीला निखिलच्या घरी गाडीने तासाभरात पोचलो. इतर दिवशी याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवा. वाटभर पुस्तक दादाच्या मांडीवर होतं.

रेवा दार उघडायला धावत आली नाही. सोफ्याच्या टोकाला बसून राहिली. दादा तिच्या शेजारी जाऊन बसला. निखिल आणि त्याची बायको चहाचं विचारत होते, दादाने त्यांना हाताने थांबवलं.

"रेवा, मला वाचता येत नाही," दादा म्हणाला. "डोक्यात आजार झाला, त्यात वाचणं गेलं. मी तुला मनाच्या गोष्टी सांगत होतो. पुस्तकातल्या नव्हत्या."

निखिल दारात तसाच उभा राहिला. त्यालाही हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळत होतं. रेवाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग आजोबांकडे.

"आबा, मला वाटलं मी बोट ठेवलं म्हणून तू रागावलास," ती म्हणाली. "म्हणून मला बोलवत नाहीस."

दादा तिच्याकडे वळला.

"नाही गं," तो म्हणाला. "तू बरोबर जागी बोट ठेवलं होतंस."

मग त्याने शेळीचं पुस्तक उघडलं. शाळेत हिंदी असल्यामुळे रेवाला ही अक्षरं येतात. तिने पट्टीचा रंग बघितला आणि विचारलं की हे लेव्हल टू का. दादा हो म्हणाला. ती सरकून जवळ बसली. तो बोटाने गिरवत वाचू लागला आणि तिसऱ्या पानावर 'उतरेना'शी अडला. रेवाला तो शब्द आला होता, तिच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. नंतर तिने सांगितलं की त्यांच्या वर्गात तसा नियम आहे, मित्र वाचत असला की त्याने विचारल्याशिवाय शब्द सांगायचा नाही. दादा एकदा अडखळला, दोनदा अडखळला, पुन्हा 'उ'पाशी गेला. खोलीत आम्ही पाच मोठी माणसं होतो आणि कोणी हललं नाही.

"उतरेना," दादा म्हणाला.

रेवाने हात खाली घेतले आणि पान उलटलं. पुस्तक संपायला अर्धा तास लागला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. रेवा आत जाऊन आपलं पुस्तक घेऊन आली आणि त्याच्या मांडीवर बसून मोठ्याने वाचायला लागली. आता तिची पाळी होती.

सोमवारी मी निघालो. तुमकूरला थट्टे इडली खाल्ली, ताटलीएवढी पसरट असते, दोघांत एक पुरते. टोलसाठी फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे आहेत का ते निघण्यापूर्वी बघा. माझे हावेरीपाशी संपले होते. अंधार पडायच्या आत घरी पोचलो. मेधाने बॅग उघडली तर पुस्तकांची जागा रिकामी होती. निळा गठ्ठाही मी तिथेच ठेवून आलो होतो.

त्यानंतर काय झालं ते सांगायला हवं. दादाला वर्तमानपत्र पुन्हा वाचता आलं नाही. निळ्या पातळीची जोडाक्षरं गिरवताना त्याचा धागा तुटतो, आणि थेरपिस्टने त्याला खरं सांगितलं की कदाचित इथेच थांबावं लागेल. औषधांच्या बाटल्यांची नावं तो बोटाने वाचतो, वेळ लागतो, पण वाचतो. फोनवर वहिनी म्हणाल्या की ते ऐकल्यावर पहिले आठ दिवस तो खूप गप्प होता. आता वर्तमानपत्र बंद केलं आहे आणि सकाळचा तो अर्धा तास हिरव्या पुस्तकांना दिला आहे.

मे महिन्यात त्याचं पत्र आलं. कागदावर, शाईच्या पेनने, त्या रेखीव अक्षरात. त्याने लिहिलं होतं की हिरवी पुस्तकं संपल्यामुळे तो आणि रेवा आता स्वतःच पुस्तकं करतात. तो लिहितो, ती चित्रं काढते. जोडाक्षर आलं की ती खोडायला लावते. लिहिलेलं त्याला सलग वाचता येत नाही, म्हणून रविवारी ती ते त्याला वाचून दाखवते आणि कुठे काय चुकलं ते सांगते. आतापर्यंत चार झाली. शेवटी दोन ओळी होत्या: 'हे पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही. नीट लिहिलं गेलं आहे का ते तू वाचून कळव.'

मी लगेच फोन लावला आणि पत्र पहिल्या ओळीपासून त्याला वाचून दाखवलं. एके ठिकाणी एक शब्द गळला होता, तो मी सांगितला. बाकी सगळं बरोबर होतं. तो मधे काही बोलला नाही. संपल्यावर मला वाटलं फोन कट झाला.

"आहेस ना?" मी विचारलं.

"आहे," दादा म्हणाला. "पुन्हा एकदा वाच. जरा सावकाश."