यात मुख्य कोण?

“तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो.” मामांचं हे ठरलेलं वाक्य. पंगतीत, देवळाच्या रांगेत, कुठेही. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणत. कर्नाटक संगीताच्या कचेऱ्यांत, म्हणजे मैफलींत, ते गायकांना व्हायोलिनची साथ करत. गायकानं राग आळवला की तोच व्हायोलिननं मांडायचा, ती साथीदाराची पाळी. पण गायकानं मध्येच हात वर केला, की आवरायचं. का? कुणी ठरवलं हे? गल्लीतल्या आम्ही चौघी मैत्रिणींनी तमिळमध्ये पत्रक काढलं: साथीदाराची पाळी कापू नका.

मामांनी ते वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. “दमलो गे मी. तुम्ही भांडा.”

एका दुपारी मी त्यांना फोनवर एक जुनी युरोपियन रचना ऐकवली. व्हायोलिन आणि पियानो, दोघंच. मामांनी सवयीनं मांडीवर ताल धरला. लय मध्येच सैल झाली, ताल हुकला. मग कपाळावर आठी.

“हा व्हायोलिनवाला उद्धट दिसतो. मुख्य वाद्याच्या आधी बोलतो.”

त्यांनी पियानोला गायक धरलं होतं. मी म्हटलं, मामा, यात मुख्य कुणी नाही. त्यांना पटेना. तरी “सरी, बरं, परत घाल,” म्हणाले.

संथ भागात पियानो हळूहळू विरळ होत गेला, थांबला. व्हायोलिन एकटंच बोलत राहिलं. मामांची मान खाली गेली.

“एवढं थोरलं वाद्य,” ते म्हणाले, “आणि ह्याचं संपेतो थांबलं.”

त्याच महिन्यात कचेरी होती. गायकानं हात वर केला. मामांनी डोळे मिटून पाळी पूर्ण वाजवली. गायक तोवर फ्लास्कमधलं गरम पाणी पीत बसला.

त्यानंतर मामांना कुठूनही बोलावणं आलं नाही. मी चिडून सभा घ्यायची म्हटलं. ते नको म्हणाले. एकदा पुरं वाजवलं, तेवढं बस झालं म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना त्रिचीला घेऊन गेली. मी स्टँडवर गेले होते. मामांनी व्हायोलिनची पेटी खिडकीच्या सीटवर ठेवली आणि स्वतः शेजारी बसले. बस भरत होती. कंडक्टर म्हणाला, पेटी वर टाका, माणसं उभी आहेत.

“त्याचंही तिकीट दे,” मामा म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.