वरचा एक वॉशर

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? "आमच्याकडे आजवर कधी काही चुकलं नाही" म्हणणाऱ्यावर, की "परवाच चुकलो" असं आपणहून सांगणाऱ्यावर? धंद्यात मी बरीच वर्षं पहिल्याकडूनच माल घेत आलो. मग सुर्वे साहेब भेटले.

माझं शिक्षण बेताचं. सिंगापूरला आलो तो एका दुकानात मदतनीस म्हणून. नट, बोल्ट, वॉशर विकता विकता इंग्रजी आणि इंजिनियरिंग दोन्ही कामापुरतं शिकलो आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. रविवारी सकाळी बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, आम्ही तिघं कॉफीला बसतो. मी, जहाजावरून उतरून आता हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसणारे चीफ इंजिनियर नाडकर्णी, आणि सुर्वे साहेब. त्यांनी उमेदीची वर्षं आपल्याकडच्या एका अणुवीज केंद्रात काढली. आता इथल्या एका वर्कशॉपमध्ये परदेशी अणुवीज केंद्रांचे व्हॉल्व्ह दुरुस्त होतात, तिथे व्हॉल्व्ह बंद होताना शेजारी उभं राहून तपासायचं, ही त्यांची नोकरी. असा माणूस टेबलावर असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खणात सुटे स्क्रू साठावेत तसे आपोआप साठतात.

* * *

त्यांच्या केंद्रातले जुने साहेब मुलाखतीत हटकून विचारायचे, "शेवटची चूक कोणती केलीत?"

एक सुवर्णपदकवाला म्हणाला, "सर, आठवत नाही." साहेबांनी त्याला चहा पाजला, स्टेशनपर्यंत जीप दिली आणि परत पाठवलं.

पुढचा मुलगा म्हणाला, "सर, आत्ताच. गेटवर आत येण्याची वेळ चुकीची लिहिली. जाताना दुरुस्त करणार आहे." तो मुलगा म्हणजे सुर्वे.

नाडकर्णी म्हणाले, "जहाजावर असं बोललो असतो तर पुढच्या बंदरात उतरवलं असतं मला."

"आमच्याकडे न बोलणाऱ्याला उतरवायचे, चीफ."

* * *

केंद्रातली एक सवय त्यांच्या घरातही आली आहे. तिथे कोणी काही करायला सांगितलं की ऐकणारा ते जसंच्या तसं परत म्हणतो, सांगणारा "बरोबर" म्हणतो, आणि मगच हात हलतो.

एकदा त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनी म्हणाल्या, "डावीकडचा गॅस बंद करा."

"डावीकडचा गॅस बंद करतो."

"बरोबर."

मुलगी हसत म्हणाली, "पप्पा, यू हर्ड हर, लाह."

गॅस बंद करून सुर्वे साहेब तिच्याजवळ येऊन बसले. "हर्ड तर उजवीकडचा बंद करणाऱ्यानंही केलेलं असतं, बाळा." मग बराच वेळ ते नुसता भात कालवत राहिले. कोणाची आठवण आली होती, ते आम्ही विचारलं नाही.

* * *

नाडकर्णींना एकदा ते वर्कशॉप बघायचं होतं. व्हॉल्व्ह उघडा असतो त्या खोलीच्या दारात त्यांचं पेन, घड्याळ, खिशातली नाणी सगळं काढून घेतलं. चष्म्याला दोरी बांधली. लग्नाची अंगठी काही निघेना, तर तिच्यावर टेप गुंडाळली.

नाडकर्णी म्हणाले, "बायकोनंसुद्धा एवढा बंदोबस्त केला नव्हता."

तेव्हा सुर्वे साहेबांनी सांगितलं. आत राहिलेला एवढासा तुकडा पाण्याबरोबर वाहत अणुइंधनाच्या नळ्यांपर्यंत जातो. तिथे अडकतो आणि थरथरत राहतो. घासत घासत नळीला भोक पाडतो. "त्याला घाई नसते," ते म्हणाले.

* * *

आता माझा किस्सा. पाकिटात ठरल्यापेक्षा दोन-चार नग वर घालायचे, ही आमच्या धंद्यातली रीत. गिऱ्हाईक खूश होतं. सुर्वे साहेबांच्या वर्कशॉपला पहिलं पाकीट पाठवलं, तर वरचे वॉशर घेऊन ते स्वतः माझ्या दुकानात हजर.

"शेट, हे काय?"

"प्रेमानं घातलेत, साहेब."

"प्रेमानं मला रात्रभर झोप लागली नसती. काम संपल्यावर ताटलीत एक वॉशर उरला, तर तो वरचा आहे की आत बसवायचा राहिलाय, हे मी कसं ओळखू?"

मी गोदामात सांगून ठेवलं, या गिऱ्हाइकाला वरचं काही घालायचं नाही.

* * *

पण सांगणं म्हणजे मोजणं नव्हे.

यंदा त्यांच्याकडे एक मोठा व्हॉल्व्ह आला होता. त्याच महिन्यात सुर्वे साहेबांचा इथे राहून नोकरी करण्याचा पास रिन्यू व्हायचा होता. कागद मालकाच्या, मिस्टर लिमच्या टेबलावर. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष. पास गेला तर मधेच घर गुंडाळायचं.

व्हॉल्व्ह बंद झाला, ट्रक दारात लागला, संध्याकाळच्या जहाजात जागा धरलेली. आणि ताटलीत एक वॉशर उरला.

सुर्वे साहेबांनी विचारलं, पाकीट उघडताना कोणी मोजलं होतं? कोणीच नाही. शेटचं पाकीट आहे, लेबलवर आकडा आहे, मोजायचं कशाला? माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

माझा फोन वाजला. "शेट, या पाकिटात एक जास्त होता का?"

मागून लिमचा आवाज आला. "बॉस, यू से येस, कॅन ऑलरेडी."

मला सगळं ठाऊक होतं. ट्रक, जहाज, पास. एक 'हो' म्हटलं की संपलं. आणि 'हो' हेच बहुधा खरं होतं. पण आमच्याकडे वॉशर वजनावर भरतात. ते पाकीट मी मोजलं नव्हतं.

"साहेब, मला माहीत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत नाही."

"बरोबर."

त्यांनी फोन ठेवला आणि व्हॉल्व्ह उघडायला लावला. ट्रक रिकामा गेला. आत एकूण एक बोल्टखाली वॉशर होता. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. लिम तडक घरी गेला.

सकाळी लिमनं, ज्या परदेशी केंद्राचा व्हॉल्व्ह होता तिथल्या माणसाला फोन करून कसंबसं सांगितलं. जहाज चुकलं, कारण व्हॉल्व्ह पुन्हा उघडला. आत काही सापडलं नाही. पलीकडून प्रश्न आला, उघडायला कोणी लावला? लिमनं नाव सांगितलं.

"पुढचे व्हॉल्व्हही त्याच्यासमोरच बंद करा."

पासच्या कागदावर त्याच दुपारी सही झाली.

रविवारी आम्ही तिघं नेहमीच्या टेबलावर. लिमचं काय, वहिनी काय म्हणाल्या, नाडकर्णींनी खोदून खोदून विचारलं. सुर्वे साहेबांनी कॉफी संपवली, खिशातून तो वॉशर काढला आणि माझ्या कपाशेजारी ठेवला.

"हा तुमचा. गोदामात परत जमा करा," ते म्हणाले. "आणि शेट, एक विनंती आहे. कमी पडला तर कमी सांगा, जास्त झाला तर जास्त सांगा, माहीत नसेल तर परवासारखं माहीत नाही म्हणा. पण हिशेब खरा ठेवा."