निळं दुकान

परशुराम शेट्ये यांच्या किराणा दुकानावर 'श्रीगणेश भांडार' अशी ठसठशीत पाटी होती, पण ती वाचलेला माणूस साऱ्या नौपाड्यात शोधून सापडला नसता. सगळे त्याला निळं दुकान म्हणत.

याला कारण परशुरामचे वडील. त्यांच्या काळात एका पावसाळ्यात कपड्यांना घालायच्या निळीचं अख्खं पोतं भिजलं. टाकून द्यायला जीव होईना, तेव्हा म्हाताऱ्याने ती नीळ चुन्यात कालवली आणि दुकानाला बाहेरून फासली. रंग असा काही भडक उतरला की पहिल्या दिवशी रस्त्यावरचे बैल बुजले म्हणतात. पुढे सवय झाली, बैलांनाही आणि माणसांनाही.

नौपाड्यातल्या घरांना नंबर होते, पण ते ज्याचे त्यालाच ठाऊक. डॉक्टरांकडे जायचंय? निळ्या दुकानावरून डावीकडे. वैद्यबुवांकडे? निळ्या दुकानावरून उजवीकडे. लग्नपत्रिकांवरसुद्धा 'निळ्या दुकानामागे' असं छापलेलं असे. परशुरामला याचा मनस्वी राग येई.

"सगळे माझ्या दुकानावरून वळतात," तो बायकोला म्हणे, "आत कोणी येत नाही."

"तुमचं तोंड बघून वळत असतील," सगुणा म्हणे.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर बातमी आली, की रस्ता रुंद होणार आणि त्यात निळ्या दुकानाचा कोपरा पडणार. त्या कोपऱ्यातच परशुरामची बसायची गादी होती. तिथून दोन्ही रस्ते दिसत. कोण कुठे चाललं, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं त्याला बसल्या जागी कळे. कोपरा गेला तर उरलेल्या दुकानात डाळ-तांदूळ मावले असते, परशुराम मावला नसता.

तो शेजारच्या अण्णांकडे गेला. अण्णा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आता ऐकायला वर्ग नसल्यामुळे ते जो सापडेल त्याला शिकवत.

"घाबरतोस काय?" अण्णा म्हणाले. "पुरातन वास्तूला कोणी हात लावत नाही. तुझं दुकान पुरातन आहे."

"वडिलांनी बांधलंय हो ते, अण्णा."

"वडिलांनी डागडुजी केली, असं म्हण. वसईच्या मोहिमेवर निघालेला एक सरदार इथं उतरला होता."

"कोणता सरदार?"

"ते मी बघतो." अण्णांनी दुकानाला एक फेरी मारली आणि भिंतीतल्या गंजक्या लोखंडी कडीपाशी येऊन थांबले. "ही बघ! इथं त्याचा घोडा बांधला होता."

"मामंजी शेळी बांधायचे तिथं," आतून सगुणेचा आवाज आला.

"वहिनी, इतिहासात शेळ्या नसतात," अण्णा म्हणाले. मग त्यांनी मान मागे करून इमारत न्याहाळली. "एकच अडचण आहे. हा रंग. पुरातन वास्तू कुठं निळी असते? नगरपालिकेचे ओव्हरसियर गुरुवारी पाहणीला येणार आहेत. त्याच्या आत पांढरी कर. आणि हे बघ, 'निळं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. विचारलं, तर पहिल्यापासून पांढरंच आहे म्हणायचं."

बुधवारी धाकू रंगाऱ्याने दुकान पांढरंशुभ्र केलं. परशुरामने कडीला तेल लावलं, गादीवर धुतलेली चादर घातली आणि गुरुवारी सकाळी धोतर-टोपीत सरदाराच्या वारसासारखा बसून राहिला.

थोड्या वेळाने एक घामाघूम गृहस्थ सायकल हातात धरून आले. "अहो, निळं दुकान कुठं आलं?"

परशुरामला अण्णांची ताकीद आठवली. "निळं? इथं निळं काही नाही. हे पहिल्यापासून पांढरंच आहे."

गृहस्थ पुढे गेले. पाठोपाठ स्टेशनकडून एक टांगा आला. तो कोपऱ्यावर जरा घुटमळला आणि तळ्याच्या दिशेने निघून गेला. डॉक्टरांचा एक रोगी वैद्यबुवांच्या गल्लीत शिरला आणि काढा पिऊन बाहेर आला. परशुरामला त्या दिवशी रस्त्यावर फारच वर्दळ वाटत होती. वर्दळ नव्हती, तीच माणसं परत परत जात होती. सायकलवाले गृहस्थसुद्धा पुन्हा आले, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच उत्तर घेऊन गेले.

ते तिसऱ्यांदा आले आणि सायकल भिंतीला टेकवून ओट्यावर बसले. "शेट, पाणी द्या. मी नगरपालिकेचा ओव्हरसियर. सकाळपासून निळं दुकान शोधतोय."

परशुरामने पेला भरून पुढे केला. तेवढ्यात अण्णा धावत आले. "या, या साहेब! हीच ती वास्तू! आणि ही कडी, इथं सरदारांचा घोडा..."

ओव्हरसियर वाकून बघू लागले. "ही तर जमिनीपासून वीतभर उंच आहे. घोडा बसून होता का?"

इतक्यात विमलाबाई आल्या. त्या मागच्या चाळीत राहत. पदर खोचलेला, हातात झारा तसाच.

"मेल्या परशुराम! माझ्या हेमाला बघायला डोंबिवलीहून माणसं यायची होती. निळं दुकान दिसेना म्हणून टांगा गेला तळ्याकडे, आणि ती माणसं शिरली कुलकर्ण्यांच्या घरात! तिथं पोहे खाल्ले, त्यांची सरोज बघितली आणि पसंत करून बसली! माझे पोहे पातेल्यात, मुलगी साडी नेसून दारात. कुणी सांगितलं होतं तुला रंग काढायला?"

"अण्णांनी," परशुराम म्हणाला.

अण्णांना घरी काहीतरी काम आठवलं.

ओव्हरसियर हसू लागले ते थांबेनात. मग तोंड पुसून म्हणाले, "शेट, खरं बोला. हे निळं होतं ना?"

परशुरामचा बांध फुटला. निळीचं पोतं, वडील, शेळी, गादी, सगळं त्याने सांगून टाकलं. "साहेब, सरदार आला नव्हता. इथं कोणीच आलं नव्हतं. सगळे नुसते वळले. पण हा कोपरा गेला तर मी कुठं बसू?"

ओव्हरसियर उठले. रस्ता ओलांडून समोर गेले. तिथे नगरपालिकेच्याच कोंडवाड्याची भिंत होती, आत एक म्हैस रवंथ करत होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, आणि परत आले.

"सरदार येऊन गेला असता, तर मी कोपरा पाडला असता. आलेला माणूस जातोच," ते म्हणाले. "पण हे दुकान नसलं तर नौपाड्यात कोणीच कुठं पोचत नाही, हे मी आज स्वतः चालून पाहिलंय. रस्ता कोंडवाड्याच्या बाजूने वाढवावा, असं मी लिहितो. एक अट मात्र आहे."

"काय साहेब?"

"आजच्या आज निळं करा. मला संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय."

परशुरामने दुकानातली नीळ होती नव्हती तेवढी धाकूच्या बादलीत ओतली. संध्याकाळी नौपाडा पुन्हा जागेवर आला. पुढे वरिष्ठांनी ते मान्य केलं, कोंडवाड्याची भिंत मागे सरकली, म्हशीची थोडी गैरसोय झाली. हेमा मात्र खुशीत होती. सरोजला पसंत केलेल्या त्या मुलाला आपल्या दारात टांग्यातून उतरताना तिने खिडकीतून पाहिलं असतं तर आपणच आतून कडी लावली असती, असं ती सरोजच्या लग्नात सांगत होती.

दोन वर्षांनी हेमालाही डोंबिवलीचंच स्थळ मिळालं. तिला भेटायला परशुराम पहिल्यांदा डोंबिवलीत उतरला आणि चुकला. शेवटी एका पानवाल्याला त्याने पत्ता विचारला.

पानवाला मान वर न करता म्हणाला, "पुढे जा. पिवळ्या दुकानावरून उजवीकडे."

परशुराम पिवळ्या दुकानापाशी आला. उजवीकडे वळला, चार पावलं गेला, थांबला आणि परत फिरला. मग चपला काढून आत शिरला आणि पावशेर सुपारी मागितली. घरी त्याच्याकडे सुपारीचं पोतं होतं. पण कोपऱ्यातल्या गादीवरचा तिथला वाणी त्याच्याकडे असा काही बघत होता, की जणू आत आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक असावं.