पोकुआचं बारा आठवड्यांचं कार्ड

कुमासी शहराच्या बाजारात पोकुआ कापड विकायची. ऐसपैस बाई, बसायला दोन स्टुलं लागायची, आणि तिच्या नवऱ्याला, अडोमाकोला, त्याचा कोण अभिमान. बायको अंगानं भरली की नवरा कर्तबगार, असं तिथे सगळेच मानतात. मग तिला हृदयविकाराचा झटका आला. जिवावरचं शेपटावर निभावलं. इस्पितळातल्या नर्सबाईंनी हातात कार्ड ठेवलं, आठवड्याला एक खूण करायला बारा चौकोन असलेलं: बारा आठवडे व्यायामाला यायचं, मीठ कमी, पामतेल कमी, फुफूचा, म्हणजे उकडून कांडलेल्या कंदाचा, गोळा अर्धा.

पहिल्या दिवशी जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसून पोकुआ म्हणाली, "हिला चाकं नाहीत, मग मी चाललेय कुठे?"

"घरी, मावशी. स्वतःच्या पायांनी," नर्स म्हणाली.

आठव्या आठवड्यापर्यंत नऊ किलो उतरले. चर्चचा चढ ती न थांबता चढू लागली. रोज सकाळी अडोमाको तिच्याबरोबर चालायचा. लग्नाच्या तेवीस वर्षांत त्या दोघांनी इतक्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या.

अशात एका शनिवारी नात्यातल्या अंत्यविधीला सगळे जमले. तिथे पोकुआचा मामा, म्हणजे तिच्या कुळातला कर्ता पुरुष, चारचौघांत म्हणाला, "अडोमाको, आम्ही तुला भरल्या अंगाची पोर दिली होती. हे पाप्याचं पितर कुठून आणलंस? घरात चूल पेटते ना?"

लोक हसले. अडोमाको खाली बघत राहिला. मला विचाराल तर तिथेच त्यानं तोंड उघडायला हवं होतं, डॉक्टरांचं नाव घ्यायला हवं होतं. पण नवरा खुलासे करू लागला की लोकांना त्यात कंजूषपणाच दिसतो, हे त्याला ठाऊक होतं.

घरी येऊन त्यानं स्वतः मुसळ घेऊन फुफू कांडला. पामच्या फळांच्या रश्शात मटण टाकलं.

"थोडं अंग भर. लोकांची तोंडं बंद झाली की पुन्हा जा व्यायामाला."

"नर्सबाई रागावतील."

"त्यांना काय, त्यांना नाही मामासमोर बसायचं."

पोकुआनं हात धुतले. "आणा इकडे," ती म्हणाली. "माझ्यापायी तुमची मान खाली जायला नको."

ती नवव्या आठवड्याला गेली नाही, पुढेही नाही. नर्सचे फोन आले. अडोमाकोनं ते उचलले नाहीत. तीन महिन्यांत अंग परत आलं, दम मात्र गेला. एका दुपारी गिऱ्हाईकापुढे कापडाची घडी घालता घालता ती स्टुलांवरून घसरली आणि उठली नाही.

अंत्यविधीला सगळं कूळ काळ्या-लाल कपड्यांत आलं. बायकांनी पोकुआला न्हाऊ घालून, नटवून निजवलं होतं. मामानं तिला निरखून पाहिलं, डोळे पुसले आणि अडोमाकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"आम्ही दिली तशीच परत केलीस. चांगली सांभाळलीस हो पोरीला."

अडोमाकोच्या मुठीत ते कार्ड होतं. शेवटचे चार चौकोन कोरे होते.

"हो, मामा," तो म्हणाला.