फरक आहे, ताई

इस्त्रीवालीला तक्रार करता येत नसे. गिऱ्हाइकाने मुळातच असलेला डाग दाखवून कांगावा केला, तरी ती "चुकलं असेल" म्हणून मोकळी होई. सासू याला समजूतदारपणा म्हणे. नवऱ्याने तर त्याच भांडवलावर संसार केला.

मुलीचा मेंदू जन्माच्या वेळीच दुखावला होता. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. घरात तिला 'बाईसाहेब' म्हणत, कारण चालता येत नसले तरी हुकूम सोडता येत होते. आठवड्यातून दोनदा दुकान बंद ठेवून इस्त्रीवाली तिला कडेवर घेऊन फिजिओथेरपी केंद्रात जाई. तिथल्या ताई तिला चटईवर निजवत, मांड्या हळूहळू फाकवत, टाच तळहातात धरून घोटा ताणत, मग दोन दांड्यांच्या मध्ये उभी करत. पाय सैल पडत. घरी पोचेपर्यंत पुन्हा कात्री. सुती कापडाचेही असेच असते. पण ते रडत नाही.

"काही फरक वाटतो का?" ताई विचारत.

"आहे ना ताई! खूप फरक आहे."

ताई दमलेल्या दिसत. दमलेल्या माणसाच्या तोंडावर 'नाही' कसे म्हणायचे? शिवाय नाराज झाल्या आणि हात आखडता घेतला तर? आणि मोठ्याने म्हटले की तिला स्वतःलाही घटकाभर खरे वाटे.

बाकावर टॅक्सीवाला मुलाला मांडीवर घेऊन बसलेला असे. "फरक? काडीचा नाही!" तो तिथूनच ओरडे. "पोरगा होता तिथेच आहे. वाकलो तो मी."

"भाऊ, जरा गोड बोलावं माणसानं."

"गोड बोलून पाय सरळ होतात होय? मग तुमच्या पोरीनं एव्हाना पळायला हवं होतं, वहिनी."

पुढे केंद्राने पालकांच्या समाधानाची पाहणी केली. मोठ्या साहेबांनी एकेकाला आत बोलावून विचारले. समाधानी आहात? पूर्ण. घरी व्यायाम जमतो? जमतो की. ताईंचे भले व्हावे म्हणून इस्त्रीवालीने हातचे काही राखून ठेवले नाही.

पुढच्या खेपेला ताई हसतच सामोऱ्या आल्या. "सगळ्यात समाधानी तुम्हीच निघालात! बाहेर किती मुलं खोळंबलीत बघा. साहेब म्हणाले, तुमचं आता घरीच भागेल. ही जागा दुसऱ्या कुणाला देतोय. वर्षानं दाखवायला आणा."

"ताई, पण फरक..." इस्त्रीवाली अडखळली.

"आहे ना?"

खरे बोलायचे, तर आजवरचे सगळे खोटे ठरणार होते. शिवाय ताई आज कधी नव्हे त्या खुशीत होत्या.

"आहे," ती म्हणाली.

टॅक्सीवाल्याची जागा शाबूत राहिली. सुधारणा नाही म्हणून त्याच्या मुलाला वेळ वाढवून मिळाला. त्याने या खेपेला टोमणा मारला नाही. "मी बोलू का आत जाऊन?" त्याने हळूच विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. उगाच वाद नको.

दुपारी तिने इस्त्रीचे टेबल रिकामे केले, घडी घातलेली चादर पसरली आणि बाईसाहेबांना निजवले. ताईंसारखीच टाच तळहातात धरली. पाय हलेना. जोर लावला तशी पोर किंचाळली. इस्त्रीवालीने हात काढून घेतला, थोड्या वेळाने पुन्हा लावला.

"थोडा फरक वाटतो का गं?"

बाईसाहेबांनी आईचा समजूतदारपणा घेतला नव्हता.

"नाही," ती म्हणाली.