फिरतं स्टेज आणि इंजिनीअरबाईंचा नवरा

आमच्या घरात एक मेकॅनिकल इंजिनीअर आहे आणि तो मी नाही.

मी नगरच्या एका शाळेत मराठी शिकवतो. संधी आणि समास सोडले तर मला आयुष्यात काहीही सोडवता येत नाही. माझी बायको रोहिणी मात्र एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हत्तीएवढ्या प्रेस मशिनी सांभाळते. तरीही मिक्सर घ्यायला गेलो की दुकानदार मोटारीची सगळी माहिती मला देतो आणि तिला विचारतो, "ताई, लाल दाखवू का निळा?" ती मोटारीबद्दल काही विचारते, त्याचं उत्तरही मलाच मिळतं. मी मान डोलावतो. (मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही!)

एवढ्यावर भागत होतं तोवर ठीक होतं. पण मग जामखेडला रोहिणीच्या चुलतबहिणीचं, पिंकीचं लग्न निघालं.

पिंकीचे वडील, म्हणजे माझे चुलतसासरे अण्णा, हौशी माणूस. त्यांनी खास फिरतं स्टेज मागवलं होतं. मंगलाष्टकं संपली, हार घातले की नवरानवरी त्या गोल स्टेजसकट वर जाणार, एक गिरकी घेणार, वरून फुलं पडणार, असा बेत. हार पडले. स्टेज झोकात वर गेलं, अर्धं फिरलं आणि थांबलं! नवरानवरी, दोघांचे मामा आणि गुरुजी, सगळे पुरुषभर उंचीवर अडकले. वऱ्हाडाला दिसत होत्या त्या फक्त पाठी. शालू नेसलेल्या पिंकीला उडी मारता येईना. ती रडायलाच लागली. नवऱ्याच्या मामांना रक्तदाबाचा त्रास. ते गुरुजींच्या उपरण्याला धरून उभे. स्टेजवाला कुठं गेला होता, देव जाणे!

"इंजिनीअर हाय का कुनी हितं?" अण्णा ओरडले.

"मी आहे की काका!" रोहिणी पुढे झाली.

"आगं तू सर बाजूला! जावईबापूंना बोलाव!"

"अण्णा, अहो, मी मराठी शिकवतो," मी म्हणालो.

"आसू द्या वो! बाप्या मानूस हाय, हात लावला की कळतंय समदं!"

आता इथे मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. पण सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. कुणीतरी माझ्या हातात पाना दिला. त्या पान्याचं वजन हाताला जाणवलं आणि का कोण जाणे, छाती दोन इंच फुगली!

"अहो, कशाला हात लावू नका," रोहिणी हळूच म्हणाली. "आधी मेन स्विच बंद करा."

"ऐकलं, ऐकलं," मी म्हणालो आणि स्टेजशेजारच्या पेटीवरचं हिरवं बटण दाबलं.

स्टेज फिरलं. टाळ्या पडल्या! एक गिरकी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. टाळ्या थांबल्या. स्टेज काही थांबेना. शेजारी एक गोल खटका होता. वेग कमी होईल म्हणून तो मी पिरगाळला. तो वेग वाढवण्याचा होता! पिंकीच्या मुंडावळ्या आडव्या उडू लागल्या. गुरुजींचं पागोटं सुटून थेट वरमाईच्या मांडीत पडलं.

"दाजीऽऽ! थांबवा नाऽऽ!" पिंकी दर फेरीला माझ्यासमोरून ओरडत जात होती.

"आरं ह्यो इंजिनीअर हाय का जत्रेतला पाळणेवाला?" वरपक्षातले एक आजोबा कडाडले.

मग रोहिणीने पैठणीचा पदर खोचला, मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि लाल बटण दाबलं. स्टेज थांबलं. तिने मेन स्विच बंद केला, पायऱ्यांमागे वाकून एक झडप बेताबेताने सैल केली, तसं स्टेज हळूहळू खाली उतरलं. पिंकी तिच्या गळ्यात पडली. नवऱ्याचे मामा तिथेच जमिनीवर बसले.

"पैठणीला ऑईल लागलं की गं सगळं!" माझ्या सासूबाई धावत आल्या. "तुला कुनी सांगितलं हुतं मधी पडायला?" मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात, "जावईबापू, बसा जरा. लई दमलात."

आणि अण्णांनी माईक हातात घेतला! "आमचे जावई, त्यांनी आन बाय रोहिणीनं प्रसंग सावरला. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार..." शाल मला. नारळ मला. रोहिणीला हात पुसायला पेपर नॅपकिन.

"अण्णा, अहो, ते हिने..." मी म्हणालो.

"बघा, किती साधेपना!" अण्णांनी सगळ्या मांडवाला सांगितलं.

त्याच गर्दीत एका इंजिनीअरिंग कॉलेजचे अध्यक्ष बसले होते. त्यांनी मला गाठलं. "सर, आमच्याकडे व्याख्यान ठेवलंय. विषय, 'अभियांत्रिकीत महिलांचं स्थान'. प्रमुख पाहुणे तुम्हीच!"

"मग हिलाच बोलवा की. इंजिनीअर ही आहे."

"त्यांनाही आणा ना! दीपप्रज्वलनाला बायका कमीच पडतात."

गाडीत बसल्यावर रोहिणी इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने डोळे पुसले. "जा तुम्ही," म्हणाली. "मला त्या दिवशी कारखान्यात काम आहे. खरं काम."

मी गेलो. व्यासपीठावर आम्ही सगळे पुरुष होतो. स्त्रियांना संधी मिळाली पाहिजे, असं मी पोटतिडकीने सांगत होतो, आणि नेमका माईक बंद पडला. सगळा हॉल आशेने माझ्याकडे पाहू लागला. अध्यक्ष म्हणाले, "काळजी नको, सर स्वतःच बघतील!"

मी माईकला गंभीर चेहऱ्याने दोन टिचक्या मारल्या, विचार केल्यासारखं केलं, आणि टेबलाखाली हात घालून रोहिणीला फोन लावला.